आवाजाला वाकडी खोली मानवते

घर बघायला गेलं की आपली मराठी माणसं आधी खोलीचं माप विचारतात. 'दहा बाय दहा आहे ना?' चौरस, काटकोनातली, मध्ये खांब नसलेली खोली असली की मन निश्चिंत होतं. कपाट बसतं, पलंग बसतो, जागा वाया जात नाही. पण त्या खोलीत बसून कुणाला गायचं असेल आणि ते गाणं नीट मुद्रित करायचं असेल, तर हा सगळा हिशोब उलटा होतो. बॉस्टनला लागून असलेल्या सॉमरव्हिलमध्ये, एका जुन्या लाकडी घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर मी माझा छोटा स्टुडिओ उभा केला, तेव्हा ही गोष्ट मला मुळापासून समजली. भाड्याच्या जाहिरातींत अशा वाकड्या खोलीला कुणी नाव देत नाही. सामान ठेवायची जागा म्हणून ती सोडून देतात.

इथली घरं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, लाकडी सांगाड्याची. एकेका मजल्यावर एकेक बिऱ्हाड. गिरण्या-कारखान्यांत कामाला आलेल्या स्थलांतरितांसाठी अशी घरं रांगेनं बांधली गेली. आयरिश आले, इटालियन आले, पोर्तुगीज, ब्राझिलियन, हैतीचे आले, आणि आता आम्हीही आलो. माझ्या खोलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती कमरेपेक्षा थोड्या उंच आहेत. तिथून छप्पर दोन्हीकडून तिरकं चढत जातं आणि मधोमध आढ्याला मिळतं. एका कोपऱ्यात जुन्या धुराड्याचा विटांचा खांब घुसलेला आहे. दार मध्यावर नाही, एका अंगाला आहे. खिडकी छपरातून बाहेर काढलेली. सरळ उभं राहायचं तर फक्त आढ्याखाली.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत कौलारू घराच्या माडीवर लहानपण गेलेल्या मला हे छप्पर परकं वाटलं नाही. आमच्या माडीवरही कडेला वाकून चालावं लागायचं आणि मध्ये ताठ उभं राहता यायचं. तिथंच तानपुरा खोळीत ठेवलेला असायचा आणि तिथंच पहिले पलटे घोटले. त्यामुळे स्टुडिओसाठी घरातली मोठी चौकोनी बैठकीची खोली घ्यावी की ही, असा प्रश्न आला तेव्हा मी याच खोलीकडे वळले.

स्टुडिओची गरज का पडली ते सांगते. माझ्या गाण्याच्या बाई कोल्हापुरात राहतात. हिवाळ्यात बॉस्टन आणि कोल्हापूर यांच्यात साडेदहा तासांचं अंतर असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्यात इथं रात्रीचे आठ वाजले की तिथं पहाटेचे साडेसहा वाजलेले असतात. बाईंची रियाजाची वेळ आणि माझी घरकाम आटोपल्याची वेळ जुळते, हे माझं भाग्य. पण इंटरनेटवरून साथ होत नाही. आवाज इथून तिथं जाऊन परत यायला पाव सेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. द्रुत तीनताल मिनिटाला दोनशे चाळीस मात्रांच्या लयीत चालला असेल तर पाव सेकंद म्हणजे पुरी एक मात्रा. समेवर भेटायचं तरी कसं? म्हणून आम्ही निराळी रीत धरली. मी गाऊन, मुद्रित करून पाठवते. बाई ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी एकेक जागा दाखवतात. 'अगं, हा निषाद बघ, वर चढताना तू त्याला धरत नाहीस, नुसती ओलांडून जातेस,' एवढं बारीक त्यांना ऐकू यायचं असेल, तर मुद्रण स्वच्छ हवं. फोनच्या माइकवर खोलीचा घुमारा निषादासकट सगळं गिळून टाकतो.

खोली आणि आवाज यांचं नातं पहिल्यांदा मोजलं गेलं ते माझ्या घरापासून जवळच, केंब्रिजमधल्या हार्वर्ड विद्यापीठात. 1895 साली तिथल्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कुणालाच कळेना. वॉलेस सबाईन या तरुण प्राध्यापकावर ते दुरुस्त करायची जबाबदारी आली. तेव्हा त्याचं वय 27. त्या सभागृहात उच्चारलेला शब्द विरायला साडेपाच सेकंद लागत होते, म्हणजे तोवर पुढची बारा-पंधरा अक्षरं त्यावर येऊन पडायची. सबाईननं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. त्या थोड्या थोड्या मांडत ऑर्गनच्या नळीचा सूर किती वेळात विरतो ते मोजलं आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या. त्यातून साधा नियम हाती आला. खोली जितकी मोठी तितका घुमारा जास्त, आणि आवाज शोषणारा माल जितका जास्त तितका घुमारा कमी. याच अभ्यासावर बॉस्टनचा सिंफनी हॉल बांधला गेला. तो 1900 मध्ये खुला झाला आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

सिंफनी हॉल स्वतः लांबट चौकोनी आहे. मग वाकड्या खोलीचं कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर सुराच्या लांबीत आहे. मी पांढरी सहामध्ये गाते. माझ्या तानपुऱ्याचा खर्ज सेकंदाला 110 कंपनांचा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर धावतो. म्हणजे त्या खर्जाची एक लाट सव्वातीन मीटरला थोडी कमी, जवळपास दहा फूट लांब. सिंफनी हॉलसारख्या जागेत अशी लाट कुठंही नाहीशी होते. दहा फुटांच्या खोलीत मात्र ती भिंतीपासून भिंतीपर्यंत नेमकी बसते आणि तिथंच उभी राहते. खोलीत एका जागी तो खर्ज दुप्पट ऐकू येतो आणि दोन पावलं सरकलं की गायब होतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असली, तर तिन्ही दिशांना तीच लाट उभी राहते. सगळा त्रास एकाच सुरावर गोळा होतो. आपण जिला सरळ, चांगली खोली म्हणतो, ती गाण्यासाठी सगळ्यात अवघड. त्यात आपल्याकडे विटांची पक्की भिंत, वर काँक्रीटचा स्लॅब, खाली फरशी. आवाज जिरायला जागाच नाही.

माझ्या माळ्यावर हे घडत नाही. लांबी चार मीटरच्या वर, तळाची रुंदी सव्वातीन मीटर, आढ्याची उंची सव्वादोन मीटरच्या आसपास. तिन्ही मापं निराळी, म्हणून तीन दिशांच्या उभ्या लाटा निरनिराळ्या सुरांवर विखुरतात. त्यात कमरेच्या वर गेलं की प्रत्येक हातागणिक रुंदी कमी होत जाते, त्यामुळे तिथं एकही सूर हट्टानं उभा राहत नाही. जमीन आणि छप्पर एकमेकांना समांतर नाहीत, म्हणून टाळी वाजवली की समोरासमोरच्या गुळगुळीत भिंतींमध्ये जो झर्रर्र असा कंप पावणारा प्रतिध्वनी येतो, तो वरच्या बाजूला येत नाही. लाकडी सांगाड्यावरच्या पातळ भिंती खालच्या सुरांबरोबर स्वतः थोड्या हलतात आणि त्यांचा जोर खाऊन टाकतात. म्हणजे निम्मं काम घरानंच केलेलं होतं.

उरलेलं काम मांडणीचं. त्याला पैसे लागत नाहीत, विचार लागतो. तिरक्या छपराच्या खोलीत पहिला नियम म्हणजे डावं-उजवं सारखं ठेवायचं. स्पीकर आढ्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, आखूड भिंतीपाशी ठेवले, म्हणजे दोन्हींना सारखाच उतार मिळाला. ते रेषा सोडून एका अंगाला ठेवले असते तर एक छपराखाली दबला असता आणि दुसरा मोकळा राहिला असता. धुराड्याचा खांब आणि एका अंगाचं दार पाठीमागं टाकले. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण केला. बसायची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवली नाही. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण अडतीस टक्क्यांवर ठेवली, कारण मध्यावर खालचे सूर बुडतात. आढ्याखाली मधोमध आवाज दोन्ही उतारांवरून येऊन एकवटतो, म्हणून गाण्याचा माइक तिथून थोडा बाजूला घेतला.

मग आरसा. मी ऐकायच्या जागी बसले आणि मुलगी भिंतीला हातभर आरसा टेकवून हळूहळू सरकवत गेली. आरशात जिथं स्पीकर दिसला तिथं खडूनं खूण. आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो तो याच जागेवरून. आवाज शोषणारा फलक लावायचा तो इथं. दोन्ही भिंतींवर आणि दोन्ही उतारांवर अशा खुणा झाल्या आणि बाकीची खोली मोकळी राहिली.

फलकांसाठी लाकडी चौकटी आणि चार इंच जाडीची रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, घेतली. घरमालकांनी भिंतीला खिळे ठोकू नका असं सांगितलं होतं, म्हणून चौकटींना पाय लावून त्या उभ्या केल्या. वरून ताणलेलं कापड इचलकरंजीचं आहे, आईनं पाठवलेलं साधं सुती. कापड निवडायची कसोटी सोपी आहे. तोंडाशी धरून फुंकर मारायची. श्वास आरपार गेला तर आवाजही जातो. बुटक्या भिंतीच्या वर जिथं छप्पर उतरू लागतं, तिथल्या त्या निमुळत्या सांदीत सामानही ठेवता येत नव्हतं. तिथं त्याच दगडी लोकरीचे गठ्ठे दाबून भरले. खालचे सूर कोपऱ्यांतच गोळा होतात, म्हणून खोलीतली सगळ्यात निरुपयोगी जागा सगळ्यात उपयोगाला आली.

आणि घोंगडी. कोल्हापूर, पट्टणकोडोलीच्या बाजूला धनगरांनी विणलेल्या जाड घोंगड्या घरात होत्याच. लोकर आवाज फार चांगला शोषते. भिंतीला चिकटवून टांगली तर कमी शोषते, भिंतीपासून वीतभर सोडून टांगली तर पुष्कळ जास्त. कारण आवाजातल्या हवेची हालचाल भिंतीलगत जवळजवळ शून्य असते आणि भिंतीपासून दूर वाढत जाते. घोंगडी हलत्या हवेत हवी. गाताना मी घोंगडीकडे पाठ करून बसते, माइक माझ्या समोर दीड वितेवर. त्यामुळे माइकला माझ्या आवाजामागून खोली ऐकू येत नाही, लोकरीची शांतता ऐकू येते.

इथं एक सावधगिरी सांगायलाच हवी. बाजारात मिळणारा पातळ फोम चारी भिंतींना चिकटवून टाकायची पद्धत सगळीकडे पसरली आहे. आपल्या संगीतासाठी ती घातक आहे. पातळ फोम फक्त वरचे सूर खातो, घुमणारा खर्ज तसाच सोडतो. आणि तानपुऱ्याचा जीव वरच्या सुरांत आहे. घोडीच्या पसरट, किंचित गोलाईच्या माथ्यावर तार घासते, खाली सूत सरकवून जवारी लावली जाते आणि एका तारेतून अनेक स्वयंभू सूर उमटू लागतात. सी. व्ही. रामन यांनी 1920-21 च्या सुमारास तानपुऱ्याची घोडी आणि तबल्याची शाई या दोन्हींवर शोधनिबंध लिहिले. शाईमुळे कातड्याच्या वाद्यातून तारेसारखे सुसंवादी सूर कसे निघतात, ते त्यांनी दाखवून दिलं. कोल्हापूरपासून तासा-दीड तासावरच्या मिरजेत कारागिरांनी हे काम पिढ्यान् पिढ्या कानानं केलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कारागिराच्या हातातली जवारी फोमनं मारून टाकायची नसते. म्हणून माझ्या खोलीतली लाकडी जमीन अर्धी उघडी आहे. तानपुरा उघड्या लाकडावर, डग्गा-तबला जाड गादीवर.

गादीचं कारण मात्र निराळं. आवाज खोलीत जिरवणं एक काम आणि आवाज खोलीबाहेर जाऊ न देणं हे दुसरं. लोकर, फोम, अंड्यांचे ट्रे यांतलं काहीही आवाजाला बाहेर जाण्यापासून अडवत नाही. त्यासाठी वजनदार भिंत लागते, फटी बुजवाव्या लागतात आणि एक भिंत दुसरीपासून सुटी ठेवावी लागते. भाड्याच्या लाकडी घरात हे शक्य नाही. म्हणून तबल्याखाली रबराचा जाड थर, त्यावर प्लायवूड, त्यावर जुन्या लुगड्यांची वाकळ. तिथून पुढचं काम शेजारधर्माचं. खालच्या मजल्यावर ब्राझिलियन आजी-आजोबा राहतात. त्यांना आम्ही रियाजाच्या वेळा सांगितल्या, त्यांनी त्यांच्या झोपेच्या सांगितल्या. कायद्याची शांततेची वेळ सुरू व्हायच्या आतच, साडेनऊला, आम्ही थांबतो. परक्या शहरात आपलं संगीत टिकवायचं असेल, तर भिंतीपलीकडचा माणूस आपल्या बाजूचा असावा लागतो, हे मी इथं शिकले.

बॉस्टनच्या थंडीचे दोन परिणाम सांगते. घर तापवल्यामुळे हवा इतकी कोरडी होते की तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा जाण्याचं भय असतं आणि तबल्याची पुडी आपोआप चढते. खोलीतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान ठेवायला वाफेचं छोटं यंत्र लागतं. ते मुद्रणाच्या वेळी बंद, रेडिएटरची झडपही बंद. दुसरा परिणाम सुखाचा. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज शोषून घेतो. मोठा बर्फ पडून गेला की रस्त्याची घरघर थांबते आणि छपरावरही लोकरीसारखा थर असतो. माझी सगळ्यात स्वच्छ मुद्रणं अशाच दिवसांची आहेत.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर मला कोल्हापूरच देतं. 1883 साली स्थापन झालेला देवल क्लब आमच्या गावात आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. जयपूर-अत्रौली गायकी तिथं रुजली आणि तिथून केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यापर्यंत पोचली. पण खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज आज ऐकायला मिळत नाही, त्यांचं ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी ध्वनिमुद्रण केलं, म्हणून त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकड्यांवर गेली आणि आज आंतरतारकीय अवकाशात प्रवास करते आहे. एका घराण्यातल्या दोन पिढ्या. गुरूचा आवाज हरवला, शिष्येचा अंतराळात पोचला. मधला फरक मुद्रणाचा.

खोल्याही हरवतात. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. इकडे दिवस होता. जगभरच्या कोल्हापूरकरांच्या फोनवर त्या ज्वाळा पोचल्या आणि आम्ही कामाच्या जागी बसून रडलो. नाट्यपदं माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणारी ती वास्तू होती. सभागृह पुन्हा उभारता येतं, पण त्यात आवाज जसा लागायचा तसा पुन्हा लागेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. खोली हेही एक वाद्य आहे. ते असेपर्यंत त्यातला सूर टिपून ठेवायला हवा.

म्हणून कोल्हापुरात, सांगलीत, मिरजेत, पुण्यात किंवा परदेशात राहणाऱ्या माझ्या वाचकांना कळकळीनं सांगते. घरातली टाकाऊ समजली गेलेली खोली बघा. जिन्याखालची, माळ्यावरची, तिरक्या कौलाखालची, एका कोपऱ्यात खांब आलेली. तिथं उभं राहून टाळी वाजवा आणि ऐका. मोकळी दहा बाय दहाची खोलीच असेल तर पुस्तकांचं भरलेलं कपाट एका भिंतीला लावा, समोर घोंगडी वीतभर सोडून टांगा, कोपऱ्यांत गाद्यांच्या वळकट्या उभ्या करा आणि गायला मध्यावर बसू नका. महागड्या माइकचा विचार त्यानंतर करा. चांगल्या खोलीत साधा माइकही खरं सांगतो आणि वाईट खोलीत भारी माइक तिचे दोषच मोठे करून दाखवतो.

आणि त्या खोलीत पहिलं मुद्रण तुमच्या घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाचं करा. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल तर त्या, आजोबा भजनी मंडळात पखवाज धरत असतील तर तो. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांनी जे इतरांच्या घरी जाऊन केलं, ते आपल्याला आपल्याच घरात करायचं आहे. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.